नाक माझं, जीभ तुमची

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. तुमचे थोरले भाऊ, आपले दादा, मला तुमच्या सुतकात हेच सांगून गेले. मी त्यांना म्हटलं, जिवंत होते तेव्हा अर्धं भांडण झालंय, उरलेलं कुणाशी करू? त्यावर त्यांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले.

तेव्हा हे तुमच्याशीच. लोक तुमच्याबद्दल फार गोड बोलत आहेत सध्या. वडीगोद्रीच्या स्टँडवर ज्यांनी तुम्हाला "दारूवाला वसंता" असं नाव ठेवलं, तेच आता दारात येऊन "लई जिद्दीचा मानूस व्हता" म्हणतात. मी चहा देते आणि कप विसळायला घेते. जिद्दीचे तुम्ही होतातच. हट्टीही होतात, आणि एका बाबतीत चुकलेले होतात. हे तुमच्या तोंडावर मी किती वेळा बोलले आहे. तुम्ही गेलात म्हणून मी ते गिळणार नाही.

आपलं लग्न झालं तेव्हा जालना नुकताच जिल्हा झाला होता. मी तिथल्याच मस्तगडची, कारकुनाची मुलगी. श्रावणात कांदा-लसूण घरात न येणारं घर. तुम्ही एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात नोकरीला. सायंकाळी घरी आलात की शर्टाच्या खिशातून सरकीचे दाणे पडायचे. पुढं नोकरी सोडून वडीगोद्रीच्या शेतावर आलो, खायच्या द्राक्षांचा बाग लावला, आणि मग एक दिवस तुम्ही कुठल्याशा कंपनीशी करार करून वाइनची द्राक्षं लावली. कॅबर्नेचे वेल विहिरीच्या अंगाला, शिराजचे मुरमाड तुकड्यात. कंपनीनं दोन हंगाम माल नेला आणि पुढं हात वर केले. घड वेलीवर पिकून राह्यले होते. दुसरा कुणी असता तर बेदाणा करून मोकळा झाला असता. तुम्ही म्हणालात, "शैला, आपणच करू." परवाना काढलात, स्टीलच्या टाक्या आणल्यात, शेडखाली तळघर खोदलंत. मला वाटलं, चार महिन्यांत उतरेल हे खूळ.

मग तो अपघात. जालन्याहून येताना अंबडच्या रस्त्यावर टेम्पोनं मोटरसायकलला धडक दिली, डोकं आपटलं. टाके पडले, औरंगाबादला दवाखान्यात राहिलात, बरे होऊन घरी आलात. सगळं ठीक आहे असंच वाटलं होतं. एका सकाळी मी परसात होते आणि तुम्ही गॅसशेजारी स्टुलावर पेपर वाचत बसला होतात. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, घरभर धूर झाला. मी धावत आले तर तुम्ही पान उलटत होतात.

"अहो, दूध करपलं की! वास आला न्हाई का?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग पातेल्याकडं. मग उठून हिंगाचा डबा उघडलात आणि नाकाला लावलात. रॉकेलचं कॅन उघडलंत. देव्हाऱ्यातली उदबत्ती, माझ्या डोक्याचं तेल, गोठ्यातलं शेण, एकेका ठिकाणी जाऊन वाकून बघत होतात. मी मागं मागं फिरत होते. शेवटी ओसरीवर बसलात आणि म्हणालात, "काहीच न्हाई, शैला. बिलकुल काही न्हाई."

डॉक्टर म्हणाले, वासाची नस तुटली, आता परत येणं कठीण. गोड-खारट-आंबट-कडू-तुरट तेवढं जिभेला कळेल. तुम्ही मान डोलावलीत. बाहेर आल्यावर विचारलंत ते एवढंच, "टाकीत पहिला माल हाय. त्याचं काय करायचं?"

तुम्ही मला ते काम सांगितलंत तेव्हा मी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. मी? दारू? माझे वडील मला दारात उभं करणार नाहीत. तुम्ही म्हणालात, "पी म्हणून न्हाई म्हणून राह्यलो. हुंग, तोंडात फिरव, थुंकून टाक. आन् मला सांग." मी विचारलं, दुसरं कुणी नाही का? गावात पिणारे काय कमी आहेत? तुम्ही म्हणालात, "पिणाऱ्याला काय कळतं? अन् बाहेरच्याला कळलं का माझं नाक गेलं, तर माझा माल कोण घेईन?"

पहिल्यांदा मी पदर नाकाला लावूनच ग्लास धरला. मग पदर काढला, हुंगलं, एक घोट तोंडात घेतला आणि तस्तात थुंकला. तुम्ही विचारलंत, काय वास येतो? मी चिडून म्हटलं, "शाईचा!" मला वाटलं तुम्ही हसाल नाहीतर रागवाल. तुम्ही स्टूल जवळ ओढलंत आणि अगदी गंभीरपणे विचारलंत, "कसली शाई? दौतीतली का शिक्क्याची?"

त्या क्षणी मला कळलं की हा माणूस माझं बोलणं खरंच ऐकतो आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. भाजीत मीठ जास्त झालंय का, याच्यापलीकडं माझ्या जिभेला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी पुन्हा हुंगलं आणि म्हटलं, "शिक्क्याची. आणि मागं जांभूळ. पिकलेलं, खाली पडून फुटलेलं."

तिथून आपली जोडी जमली. वासाचं खातं माझं, तोंडाचं तुमचं. तुम्हाला आंबटपणा कुठं टोचतो, तुरटपणा हिरड्यांना कसा धरतो, घोट गेल्यावर चव किती वेळ मागं रेंगाळते, हे असं बारीक कळायचं की मला नवल वाटायचं. मला शिराजमधली मिरी कळायची, कॅबर्नेमधली ढोबळ्या मिरचीची हिरवट पानं कळायची, आणि कुठल्या टाकीला शिरक्याचा वास लागायला लागलाय ते सगळ्यांत आधी कळायचं. एकदा चुकलेही. लाकडाच्या पिंपाचा वास मी बुरशीचा समजले आणि तुम्ही घाबरून ते पिंप वेगळं काढलंत. मग नाशिककडचे सामंत आले, उभी हयात वाइन बनवण्यात घालवलेला माणूस, त्यांनी समजावलं की हे नव्या ओकचं लाकूड आहे, बाई, घाबरू नका. मी शरमले. तुम्ही म्हणालात, "आता पुन्हा न्हाई चुकायची ती." आणि खरंच त्या वासाला पुन्हा चुकले नाही.

गावात बोंब व्हायची ती झालीच. वसंताची बायको पिते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं आलं नाही. मी न बोलावता गेले, वाण घेऊन गेले, सगळ्यांच्या मधे बसले. कुणाची छाती झाली नाही उठ म्हणायची. दादा मात्र घरी आले होते. आठवतं? तुमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "बाईमानसाला दारू पाजून राह्यलास, वसंता? लाज न्हाई वाटत?"

तुम्ही पिंपाची तोटी पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, "पाजून न्हाई राह्यलो, दादा. इचारून राह्यलो."

त्या एका वाक्यावर मी तुम्हाला बरंच काही माफ केलं आहे. सगळं नाही.

आता भांडणाकडं येते. पुढच्या एका हंगामाचं कॅबर्ने आणि शिराज दोन्ही उत्तम उतरले होते, आणि दोन्हींचं मिश्रण करून ते वर्षानुवर्षं मुरवायचं असं तुम्ही ठरवलंत. मापाची काचेची नळी, ग्लासांची रांग, दुपारची वेळ. तुम्ही म्हणालात तीन वाटे कॅबर्ने, एक वाटा शिराज. मी म्हटलं निम्मं-निम्मं. तुमचं म्हणणं, कॅबर्नेला कणा आहे, ते टिकेल, शिराज लवकर ढेपाळेल. माझं म्हणणं, नुसता कणा घेऊन काय करायचं? कॅबर्नेला सुरुवात आहे, शेवट आहे, मधे काही नाही. मधे पोकळ आहे. शिराज ते भरून काढेल, आणि वासाला तर तेच आहे. तुम्ही म्हणालात, पोकळ-बिकळ काही न्हाई, माझ्या जिभेला बराबर लागतं. मी म्हटलं, तुमच्या जिभेला अर्धंच लागतं.

हे मी बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. पण ते खरं होतं. आणि तुम्ही जे उत्तर दिलंत ते खरंही नव्हतं आणि बरंही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "माल माझा. परवाना माझ्या नावावर हाय."

मी नळी खाली ठेवली आणि घरात गेले. मिश्रण तुमच्या मापानं झालं. बाटल्या भरल्या, बुचं बसली, लेबल न लावता तळघरात आडव्या ठेवल्या. त्या वाक्याबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत. उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं की आपण दोघं मिळून तळघराच्या भिंतींना ओली पोती लावायचो. तेव्हा पोतं पिळता पिळता तुम्ही माझ्याकडं एखाद्या वेळी बघायचात, तोंड उघडायचात, आणि "पाणी आण" म्हणायचात. मी आणायचे. ते वाक्य मी विसरले नाही. आता तुमची माफी मिळायची सोय नाही आणि मला ती नकोही आहे. त्याचं मी काय करायचं ते ठरवलं आहे, सांगते.

मधल्या वर्षांत त्यातली बाटली तुम्ही फोडू दिली नाहीत. "मुरू दे," एवढंच. दुसरा ताजा माल करून विकत राहिलो, घर चाललं, आपल्या लेकीचं, मनीषाचं, पुण्यातलं शिक्षण झालं, तिला तिथंच नोकरी लागली. यंदा दसऱ्यानंतर म्हणालात, छाटणी उरकली की फोडू. छाटणीच्या बायकांना चहा देऊन आलात, ओट्यावर टेकलात, आणि मी हाक मारली तर मान एका बाजूला झुकली होती. इतकंच. मला काही बोलायला सवड दिली नाहीत, हीही एक तुमची जुनी खोड.

दादा सुतकातच म्हणाले, "शैला, तेराव्याच्या आत त्या बाटल्या भाईर काढ. लोकं जेवायला येतील. मेलेल्या मानसाच्या घरात दारू ठेवून कुणी जेवंल का?" मनीषा म्हणाली, आई, विकून टाक आणि पुण्याला चल. दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होती. त्यात सामंत भेटायला आले. खूप हळहळले, तुमच्या फोटोपुढं हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग चहा घेता घेता म्हणाले, वहिनी, तळघरातल्या त्या जुन्या बाटल्या माझ्या ओळखीची एक कंपनी घेईल, एकगठ्ठा. लेबल त्यांचं लागेल. तुमच्या डोक्याचा ताप जाईल.

मी म्हटलं, आधी चाखून तर बघा, काय घेताय ते.

सकाळची वेळ होती. बाटली मी आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. बूच ओढलं, हळूहळू ओतलं, गाळ दिसायला लागला तसं थांबले. ग्लास पांढऱ्या पंच्यावर तिरका धरला. मधे डाळिंबाच्या गडद दाण्याचा रंग, कडेला विटेसारखा. जांभळेपणा सगळा उतरला होता. सामंतांनी हुंगलं, तोंडात फिरवलं, थुंकलं आणि भुवया जरा वर केल्या. "थकली आहे, वहिनी. नाक दबलंय हिचं, वासच उठत नाही. दोन वर्षांपूर्वी फोडायला हवी होती."

मला तसं वाटलं नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं कोंडून होती, जरा श्वास घेऊ द्या. आपण बागेत जाऊन येऊ. ते उठले. आम्ही विहिरीपर्यंत जाऊन आलो. छाटलेल्या काड्यांना डोळे फुटायला लागले आहेत, तुम्हाला सांगायचं राहिलं.

परत आलो तर खोलीचा वासच बदलला होता. वाळलेली बोरं. खारीक. जुन्या चामड्याच्या वहाणा, पाण्यात भिजून वाळलेल्या. मागं कुठंतरी तंबाखूचं पान. मिरी अगदी बारीक, शोधली तर सापडणारी. मी एकेक नाव मोठ्यानं घेतलं, सवयीनं, आणि मग माझ्या लक्षात आलं की पुढचं तुमचं काम आहे आणि स्टुलावर कुणी नाही.

सामंत वाट बघत होते. मी घोट घेतला. तुम्ही जसं करायचात तसं, जीभ हिरड्यांवर दाबून. इतकी वर्षं मी तुरटपणाचा निकाल तुमच्यावर सोडून दिला होता. नवी असताना ही वाइन कवळ्या बाभळीच्या शेंगेसारखी तोंड धरायची. आता तो तुरटपणा सीताफळाच्या सालीलगतच्या गरासारखा रवाळ झाला आहे. आंबटपणा शाबूत. आणि थुंकून टाकल्यावर चव जात नाही, जात नाही, रेंगाळतच राहते. हे तुमच्या कॅबर्नेचं. माझ्या मापानं केली असती तर शेवट इतका लांबला नसता. तुमचं बरोबर होतं. लिहून देते.

आता माझं ऐका. सुरुवात झाली, शेवट आला, आणि मधे खड्डा आहे. स्पष्ट. घोट मध्यावर येतो तेव्हा क्षणभर पायाखालची फळी निघते. मी दुसरी बाटली फोडली, तशीच. मी म्हणाले होते तिथंच, म्हणाले होते तसाच खड्डा.

सामंतांना मी दोन्ही सांगितलं. ते पुन्हा चाखून म्हणाले, "खड्डा आहे खरा. पण गिऱ्हाइकाला हे सांगत बसू नका. आणि एक-दोन महिन्यांत संपवा, पुढं नाही टिकायची." मी म्हटलं, दोन उन्हाळे काढेल. ते नाही म्हणाले. मी हो म्हणाले. यावर आमचं जुळलं नाही, आणि कोण बरोबर ते दोन उन्हाळ्यांनंतरच कळेल.

तेवढ्यात दादा दारात. माझ्या हातात ग्लास, समोर तस्त, परका पुरुष शेजारी, भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो. त्यांचा आवाज फाटला. "सुतकात? वसंताचं सुतक सरलं न्हाई आन् तू..."

"सुतक मला हाय, दादा," मी म्हटलं. "बाटलीला न्हाई. ही त्यांनी केलीय. तुम्ही त्यांच्या राखेला हात जोडता, आणि हाताच्या कामाला भाईर काढा म्हणता. ते व्हायचं न्हाई."

"लोकं जेवायची न्हाईत."

"मंग राहू द्या उपाशी. आणि त्यांचं माप चुकलं होतं, हेही मी बोलणार."

तेव्हाच ते म्हणाले, मेलेल्या मानसाशी भांडू नये, त्याच्या मागं घर तरी नीट ठेवावं, आणि गेले. तेराव्याला आले. जेवले नाहीत, ताटावर बसून पाणी फिरवून उठले. बाकी पंगत जेवली. दादांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. त्यांचाही भाऊच गेला आहे. पण बाटल्या जिथल्या तिथं आहेत.

सामंतांना मी नाही म्हटलं. दुसऱ्याचं लेबल लागणार नाही. मनीषालाही सांगितलं, पुण्याला येईन, चार दिवस राहीन, परत येईन. ती रडली, आणि मग म्हणाली, लेबल मी करून देते. त्यावर तुमचं नाव असेल आणि माझं असेल. खाली लिहायचं ते मी लिहून दिलं आहे: सुरुवात छान, मधे थोडी पोकळ, शेवट लांब. ती म्हणाली, आई, असं कुणी लिहितं का? मी म्हटलं, आपण लिहितो.

एक राहिलं. अपघातानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, बागेतून आलात आणि अंगरखा काढता काढता विचारलंत, "शैला, माझ्या अंगाला वास कसा येतो गं? मला आठवत न्हाई." मी लाजले. "चला, अंघोळ करा," म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तर ऐका. पहिल्यांदा गंधकाची भुकटी आणि मोरचूद, फवारणीची. त्याखाली घाम, उन्हात तापलेल्या मुरमावर पाणी मारल्यासारखा. मानेजवळ साबण, जो तुम्ही कधी धड धुऊन काढला नाहीत. आणि अगदी तळाला एक वास होता त्याला मला नाव सापडत नाही. सगळ्यांना नावं देत आले, त्याला नाही. तुमच्या उशीत तो अजून आहे. अभ्रा मी धुतलेला नाही, आणि धू म्हणणाऱ्यांना धूप घालत नाही.

परवान्याचे कागद अंबडला देऊन आले आहे. माझ्या नावावर होईल. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही चालवणार? मी म्हटलं, आत्तापर्यंत अर्धं कोण चालवत होतं असं वाटतं तुम्हाला?

फेब्रुवारीत माल उतरेल. काड्यांवरचे घोस बघता यंदा शिराज जोरात आहे. तुमच्या स्टुलावर आता मी बसते, नाक आणि जीभ दोन्ही घेऊन, आणि तोंडाचं काम अजून मला तुमच्याइतकं जमत नाही हे मला ठाऊक आहे. जमेल. पण मिश्रण मी निम्मं-निम्मं करणार आहे. तो खड्डा मी भरणार आहे. माल माझा, परवाना माझ्या नावावर.

अडवायचं असेल तर या.